जाताना गाडी, येताना विमान: सांगलीहून दिल्लीच्या मित्राकडे खायला कसं जावं

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला परगावी मित्र नाही, असं सहसा होत नाही. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली मंडळी गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सराफांकडचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या. पिढ्यानपिढ्या ती देशभर पांगलीत. चेन्नईला उतरा, कोलकात्याला उतरा, सराफकट्ट्यावर कुणीतरी "गाव कंचं?" विचारणारा भेटतोच. माझा शाळेतला एक दोस्त असाच दिल्लीत आहे, चांदणी चौकाच्या आतल्या गल्लीत. दर दिवाळीला फोनवर त्याचं ठरलेलं वाक्य: "नुसतं येतो येतो म्हणू नको लेका, एकदा जेवायला ये."

गेलो. नंतरही गेलो. एकदा दोन्ही वेळा विमानानं, एकदा दोन्ही वेळा रेल्वेनं, आणि मग शहाणा झालो. आता जाताना रेल्वे आणि येताना विमान. लोक उलटं करतात, उत्साहात विमानानं जातात आणि दमून रेल्वेनं परततात. विमानानं गेलं की सकाळी भाकरी आणि रात्री छोले, पोटाला गाव बदलल्याचा पत्ताच लागत नाही. शिवाय जाताना आपली पिशवी खाण्यानं फुगलेली असते, आणि रेल्वेत ती कुणी उघडायला लावत नाही. येताना मात्र एक जेवण वाचवायचं असतं. रेल्वेनं परतायचं तर दीड दिवस प्रवासात जातो. तोच विमानानं वाचला तर शेवटच्या दिवशीची न्याहारी मित्राबरोबर होते.

आधी तारीख, मग तिकीट

तारीख ठरवताना तीन गोष्टी बघा. पहिली, दिल्लीचा महिना. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा खाण्यासाठी उत्तम काळ. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं, गाड्या रखडतात आणि सकाळची विमानंही. फेब्रुवारीत धुकं विरळ होतं, थंडी टिकून असते आणि थंडीतलेच पदार्थ अजून मिळत असतात. दुसरी, मित्राची सुट्टी. चांदणी चौकातला घाऊक बाजार रविवारी बंद असतो, त्यामुळे रविवार मुक्कामाच्या मधोमध आला पाहिजे. शनिवारी पोचून रविवारी रात्री निघणाऱ्या पाहुण्याला मित्र फक्त दमलेला भेटतो. तिसरी, घरातलं कॅलेंडर. संकष्टी, एकादशी, गुरुवार जे काही तुम्ही पाळता ते आधीच बघून ठेवा. जुन्या दिल्लीत उभं राहून चंद्रोदयाची वाट बघण्यासारखी शिक्षा नाही. हे मी अनुभवानं सांगतोय.

तारीख पक्की झाली की रेल्वेचं आरक्षण. ते आता ६० दिवस आधी उघडतं (२०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत १२० दिवस होते), सकाळी ८ वाजता. आपल्याकडून सोयीची गाडी म्हणजे गोवा एक्स्प्रेस, क्रमांक १२७७९, वास्को ते हजरत निजामुद्दीन. ती मिरजेवरून जाते, रोज असते, गाडी बदलावी लागत नाही. वेळापत्रक निघण्याआधी ॲपवर बघाच, पण साधारण हिशेब असा: रात्री मिरजेत चढायचं, पहाटे पुणं मागं टाकायचं, दुसरा सगळा दिवस गाडीत काढायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीनला उतरायचं.

राहिलं तर तत्काळ. आदल्या दिवशी एसीसाठी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता उघडतं. ऑनलाइन काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं, ते काम त्याच सकाळी १० ला पाच कमी असताना करायला बसू नका. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. बरोबर आई-वडील असतील तर ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा वापरा: पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४५ वर्षांपासून.

परतीचं विमान दिल्ली-पुणे काढा, दुपारचं. पहाटेचं स्वस्त दिसतं, पण धुक्याचा पहिला फटका त्यालाच बसतो आणि आदल्या रात्रीच्या जेवणावरही घड्याळ लटकत राहतं. मित्र दिल्लीऐवजी बेंगळुरू किंवा हैदराबादला असेल तर कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून काय मिळतंय ते आधी बघा. सांगलीहून ते पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. मात्र तिथली उड्डाणं बदलत राहतात, म्हणून तिकीट काढल्यावरही अधूनमधून नजर ठेवावी.

काय न्यायचं आणि कसं बांधायचं

सांगलीकर पाहुणा म्हणजे हळद आणि बेदाणे, हे ठरलेलं. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही आपल्या अभिमानाचे. पण जुन्या दिल्लीतल्या मित्राकडे ते नेऊ नका. त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर खारी बावली आहे, मसाल्यांचा आणि सुक्यामेव्याचा प्रचंड बाजार. तिथं न मिळणारं न्या. माझ्या यादीत तीनच गोष्टी असतात: भडंग, कांदा-लसूण मसाला आणि साताऱ्याचे कंदी पेढे.

भडंग वजनाला हलका आणि आकारानं राक्षस. घरी केला असेल तर पूर्ण गार झाल्याशिवाय बांधू नका. कोमट भडंग पिशवीत भरला की वाफ धरते आणि दिल्लीला पोचेपर्यंत चुरमुरे दाताखाली चामड्यासारखे लागतात. मी तो परातीत पसरून रात्रभर ठेवतो. सकाळी दोन पिशव्यांत भरतो, एकात एक, आणि मधली हवा पूर्ण काढत नाही. हवा असली की चुरा कमी होतो. ती पिशवी बर्थखाली ढकलायची नाही. खिडकीजवळच्या हुकाला लटकवायची.

मसाला डंकावरून आणलेला असेल तर स्टीलच्या डब्यात, झाकणाला आतून कागद लावून. विमानानं गेलो होतो तेव्हा सासूबाईंनी दिलेला अर्धा किलो मसाला आणि लोणच्याची बरणी मी वर न्यायच्या पिशवीत ठेवली होती. तिखटाची पूड आणि तेलाचं लोणचं केबिनमध्ये चालत नाही, हे मला तपासणीच्या पट्ट्यापाशी उभं असताना कळलं. दोन्ही तिथंच राहिलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. विमानानंच न्यायचं झालं तर ते खालच्या सामानात द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र त्यातही नकोत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. पॉवर बँकेचं याच्या उलट, ती हातातल्या सामानातच हवी. रेल्वेत यातली एकही कटकट नाही.

पेढे आधीच आणून ठेवा. गाडी साताऱ्यात थांबते म्हणून तिथं उतरून घेऊ, असं कुणी ठरवत असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. स्टेशन माहुलीला आहे, गावापासून दूर, आणि तुम्ही तिथं पोचाल तेव्हा मध्यरात्रीची वेळ असेल.

गाडीतला डबा

आधी नासणारं आधी खायचं, एवढा एकच नियम. पहिल्या रात्री जोंधळ्याची भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत. मिरजेतून गाडी सुटली की लगेच उघडायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दशम्या. दुधात भिजवलेल्या असल्यानं त्या मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. दह्याचं काही नको, ओला खर्डाही नको, शेजारच्या बर्थवाल्याला पहिल्याच दिवशी रडवू नये.

दुसऱ्या दुपारनंतर डबा संपतो, तेव्हा बाहेरचं. भुसावळच्या आसपास केळी घ्या, जळगावची केळी आपल्याकडच्या केळ्यांपेक्षा वेगळी लागतात. गरम जेवण हवं असेल तर रेल्वेच्या ई-केटरिंगवर पीएनआर टाकून पुढच्या मोठ्या स्टेशनवर मागवता येतं, डबा सीटवर येतो. रात्री हलकंच खा. पहाटे मथुरा येते तेव्हा सगळी गाडी झोपलेली असते, पेढ्यासाठी कुणी उतरत नाही. त्याची काळजी नको, तो पेढा पुढं येणारच आहे.

मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळेत उघडायचा, हा नियम माहीत असू द्या. दुपारी झोपायची सवय असलेल्यांचं यावरून भांडण होतं.

घरी पोचल्यावर

निजामुद्दीनहून पहिल्या दिवशी सामानासकट मेट्रोच्या भानगडीत पडू नका, सरळ रिक्षा किंवा टॅक्सी करा. दुसऱ्या दिवसापासून मात्र मेट्रोच. जुन्या दिल्लीसाठी चांदणी चौक, लाल किल्ला आणि जामा मशीद ही तिन्ही स्टेशनं कामाची.

पहिलं जेवण घरीच घ्यायचं. मित्र कितीही म्हणाला "चल, बाहेर जाऊ," तरी वहिनींनी सकाळपासून केलेलं असतं. दिल्लीत राहून वीस वर्षं झाली तरी त्यांच्या हातचं मटण सांगलीचंच असतं. पोचताच मसाल्याचा डबा त्यांच्या हातात द्यायचा, मित्राच्या नाही. त्याच्या हातात दिला तर तो कपाटावर चढतो.

मग बाहेरचं नियोजन. माझा हिशेब: दिवसाला बाहेरचं एक मोठं खाणं आणि एक छोटं, जास्त नाही. सकाळ सर्वात महत्त्वाची. दौलत की चाट म्हणजे घुसळलेल्या दुधाचा फेस, वर केशर, खवा आणि साखर. फक्त थंडीत मिळते, सकाळी लवकर गाठली तर ताजी आणि उभारलेली असते. चमचा लावला की काहीच लागत नाही आणि गिळल्यावर चव येते. पहिल्यांदा मला वाटलं, पैसे घेऊन हवा दिली. तिसऱ्या चमच्याला मत बदललं. मांसाहारी असाल तर जामा मशिदीच्या परिसरात सकाळची निहारी. ती रात्रभर मंद आचेवर शिजते, म्हणून उशिरा जाऊन उपयोग नाही, संपलेली असते. शाकाहारी असाल तर बेडमी पुरी आणि बटाट्याची भाजी. पराठेवाली गल्ली एकदा बघायची म्हणून बघा. तिथले पराठे तव्यावर भाजत नाहीत, तळतात, तेव्हा एकच मागवा आणि दोघांत खा.

कुठल्या जेवणाला घरी नसाल ते वहिनींना आदल्या रात्री सांगा. आणि एक संध्याकाळ तुम्ही स्वयंपाक करा. भरली वांगी किंवा साताऱ्याकडचा म्हाद्या, म्हणजे शेंगदाण्याची आमटी. दिल्लीत जन्मलेल्या मुलांना तो ऐकूनही माहीत नसतो. माझ्या मित्राच्या मुलीनं पहिल्याच घासाला विचारलं, "ये दाल कौनसी है?" मित्र तोंड लपवून हसत होता.

बिलावरून झोंबाझोंबी होणारच. एक बिल तुम्ही, एक तो, असं ठरवून टाका. निघताना मुलांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवायचे, हे तुमच्याकडून घडलंच पाहिजे.

परतताना

तिकिटावर टर्मिनल कुठलं ते बघा. नवी दिल्ली स्टेशनवरून सुटणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो टर्मिनल ३ ला सुमारे २० मिनिटांत पोचवते. टर्मिनल १ वेगळं, त्याला वेगळी मेट्रो, किरमिजी लाइनची. टर्मिनल ३ ला उतरून तिकिटावर १ वाचणारी माणसं मी बघितलीत.

खालचं सामान देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो आणि हातातलं ७ किलो असतं. बॅग तोलायचा काटा नसेल तर मित्राकडच्या माणसाच्या वजनकाट्यावर आधी रिकाम्या हातानं उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. (गलाईवाल्याकडचा सोन्याचा काटा उपयोगाचा नाही. विचारून बघितलंय.) जाताना पिशवी भडंगानं फुगली होती, येताना ती वजनानं जड होते: मोरेन्याची गजक, आग्र्याचा सुका पेठा आणि मथुरेचा पेढा. हा पेढा मित्र कुणाकडून तरी थेट मथुरेहून मागवतो. कंदी पेढा आणि हा, दोन्ही खरपूस भाजलेल्या खव्याचे आणि तपकिरी. फरक साखरेचा. मथुरेच्या पेढ्यावर पिठीसाखर घोळलेली असते आणि तो दाताखाली रवाळ लागतो. आपल्याकडचा बेतानं गोड, भाजल्याचा वास जास्त. दोन्ही एका ताटात ठेवून वहिनींच्या घरी मतदान झालं. निकाल मी सांगणार नाही, मी तेव्हा पाहुणा होतो.

पुण्यात लोहगावला उतरल्यावर स्टेशन सुमारे १० किलोमीटरवर. पुण्याहून मिरजेकडे वंदे भारत असते, कुठल्या दिवशी कोल्हापूरची आणि कुठल्या दिवशी हुबळीची, पण तीही दुपारीच सुटते, त्यामुळे दुपारच्या विमानानं आलं तर ती सापडत नाही. मग स्वारगेटहून एसटी.

पेढ्यांचं खोकं विमानात खाली देऊ नका, मांडीवर घेऊन बसा. मी एकदा खालच्या बॅगेत दिलं होतं, सांगलीला उघडलं तेव्हा आत पेढे नव्हते, एकच मोठा पेढा होता.