४० मिमीचे टायर, ड्रॉप हँडल आणि ब्रेकचा मेळ

साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासला जाणारा रस्ता आणि वरच्या मुरमाड वाटा यांसाठी ड्रॉप हँडलच्या (खाली वळलेल्या हँडलच्या) जुन्या सायकलवर ४० मिमीचे टायर बसवले, तेव्हा खरा पेच ब्रेकचा पडला. रोडबाइकचे कॅलिपर, म्हणजे टायरच्या वरून चिमट्यासारखे रिम पकडणारे ब्रेक, टायरलाच घासतात. डिस्क ब्रेकसाठी फ्रेमवर आणि फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यावर) माउंट लागतात, ते इथे नव्हते; वेल्डिंग करून लावायच्या भानगडीत पडू नये.

फ्रेम-फोर्कवर रिमच्या दोन्ही बाजूंना पिव्होट (ब्रेकचे हात बसवायचे खुंट) होते, म्हणून लांब उभ्या हातांचे व्ही-ब्रेक लावून पाहिले. ड्रॉप हँडलचा रोड लिव्हर केबल कमी ओढतो, व्ही-ब्रेकला जास्त लागते. त्यामुळे लिव्हर हँडलला टेकतो तरी चाक नीट थांबत नाही. छोट्या हातांचे मिनी-व्ही या लिव्हरला जुळतात, पण जाड टायरवर जागा उरत नाही.

शेवटी त्याच पिव्होटवर कँटिलिव्हर ब्रेक लावले; यात दोन्ही हात टायरवरून जाणाऱ्या एका आडव्या केबलने जोडलेले असतात. ही आडवी केबल टायरला न लागेल इतपत खाली ठेवा, जोर वाढतो. पॅडच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्ड ठेवून नट आवळा, म्हणजे पुढचं टोक आधी टेकेल आणि किंचाळणं थांबेल.

तरी पुढचा ब्रेक थरथरत होता. कारण केबलचा स्टॉप (बाहेरची नळी जिथे टेकते तो आधार) वर हेडसेटवर, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगपाशी: फोर्क मागे वाकला की केबल आपोआप ताणली जाते, ब्रेक आणखी आवळतो. स्टॉप फोर्कच्या क्राउनवर (चाकाच्या लगेच वरच्या जोडावर) घेतला, थरथर गेली. पुढच्या चाकावर लिव्हरकडून येणारी केबल तुटली तर आडवी तार टायरच्या गुट्ट्यांत अडकून चाक जाम होईल, म्हणून तिला अडवायला रिफ्लेक्टर बसवायची पट्टी (ब्रॅकेट) तिथे हवीच.

पावसाळ्यात पॅडमधली खडी सुईने काढत राहा, नाहीतर रिम खरवडते.