पेंटरचं कोटेशन योग्य आहे का? घर रंगवण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या घराला मागच्या खेपेला रंग द्यायचा ठरला, तेव्हा तीन पेंटरांनी तीन आकडे दिले. 36 हजार, 52 हजार आणि 68 हजार. घर तेच, भिंती त्याच. घरातले सगळे म्हणाले, मधला घेऊन टाका. मला ते पटेना. पाच वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यात कमी आकडा घेतला होता आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर हॉलच्या भिंतीचे पोपडे हाताने सोलून निघत होते.

म्हणून या वेळी तिघांनाही एकच विचारलं: एवढ्या पैशात भिंतीला नेमकं काय काय करणार? तेव्हा उलगडलं, की तिघांनी तीन वेगळ्याच कामांचे पैसे सांगितले होते. पहिल्याने जुना रंग झाडून त्यावरच दोन हात मारायचे धरले होते. दुसऱ्याने खरवडणं, लागेल तिथे पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप), एक हात प्रायमर (रंगाखालचा थर) आणि दोन हात इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) धरलं होतं. तिसऱ्याने सगळ्या भिंतींना नव्याने दोन हात पुट्टी आणि वरच्या दर्जाचं इमल्शन. तिघांपैकी कुणीही लबाड नव्हता. नुसते आकडे शेजारी ठेवून निवड केली असती, तर चूक आमची झाली असती.

भिंत न बघता दर विचारू नका

"स्क्वेअर फुटाला काय घेता?" हा प्रश्न आपण फोनवरच विचारतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. रंगकामात पैसा जातो तो रंगाच्या आधीच्या कामात. म्हणून पेंटरला बोलावण्याआधी अर्धा दिवस काढून आपणच भिंती तपासाव्यात.

आधी तळहात भिंतीवर जोरात फिरवा. हाताला पांढरी पूड लागली, तर खाली चुना किंवा जुनं डिस्टेंपर (स्वस्तातला पाण्याचा रंग) आहे. ते खरवडून काढल्याशिवाय वर इमल्शन मारलं तर ते चुन्यालाच धरतं, भिंतीला नाही, आणि चुन्यासकट सुटतं. साखर पेठ, शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांत वर्षानुवर्षांचे चुन्याचे थर असतात. तिथे खरवडण्याची मजुरी मोठी येणारच, आणि ती कोटेशनमध्ये दिसली तर चिडू नये. उलट ती दिसली नाही, तर विचारावं.

मग ओल. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. आपल्याकडे अशा भिंतीला लोणा लागतो. भिंतीतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जातं आणि क्षाराचे पांढरे खडे रंगाला आतून ढकलतात. त्यावर कितीही महाग रंग लावला तरी तो टिकत नाही. मोरीचा पाइप, गच्चीची भेग, बाहेरच्या भिंतीची चीर, जिथून पाणी येतं ते आधी बंद करायचं. भिंत वाळू द्यायची. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, कारण पाण्यासोबत क्षार परत आत मुरतात. मगच क्षाराला दाद न देणारं प्रायमर.

शेवटी ज्यांना काम दिलं, ते मिस्त्री तेलुगू बोलणारे, आम्ही त्यांना अण्णाच म्हणतो. हॉलच्या भिंतीला हात लावून ते म्हणाले, "अक्का, ह्या भिंतीचे पैसे मी आत्ता धरत नाही. पलीकडची मोरी आधी बघून घ्या, मग बोलू." बाकी दोघांनी त्या भिंतीचेही पैसे धरले होते. अण्णांवर माझा विश्वास बसला तो तेव्हाच.

माप आपण घ्या

चूक अशी होते, की पेंटर खोलीभर नजर फिरवतो, "2400 फूट भरेल" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. टेप घरात असतेच. 10 बाय 12 ची खोली आणि उंची 10 फूट धरा. चारी भिंतींची लांबी 44 फूट, म्हणजे भिंती 440 चौरस फूट. छत 120. एकूण 560. आता 3 बाय 7 चं दार 21, 5 बाय 4 ची खिडकी 20 आणि भिंतीत बसवलेल्या 6 बाय 10 च्या कपाटामागची जागा 60. हे 101 वजा केलं, तर 459 उरतात. एका खोलीत एवढा फरक.

आमच्या घराचे 2400 लिहिले होते, टेप लावल्यावर 2010 भरले. समजा दर फुटाला 20 रुपये असता, तर नुसत्या मापात 7800 रुपये जास्त गेले असते. पण यात पेंटरची बाजूही समजून घ्यायला हवी. दाराखिडकीच्या कडा आतून रंगवायला वेळ लागतो, म्हणून बरेच जण वजावट करत नाहीत आणि दर त्या हिशेबाने कमी ठेवतात. वजावट करून जास्त दर की वजावट न करता कमी दर, हे मापं घेण्याआधीच बोलून घ्या. माप एका पद्धतीने आणि दर दुसऱ्या पद्धतीने, असं मात्र होऊ देऊ नका.

आणखी एक. काही जण फ्लॅटच्या कार्पेट एरियावर, म्हणजे आतल्या जमिनीच्या फुटावर दर सांगतात, काही भिंतीच्या फुटावर. कार्पेटचा दर ऐकायला मोठा वाटतो, भिंतीचा छोटा. दोन्ही एका कागदावर आणल्याशिवाय तुलना होत नाही. दारं, ग्रिल, लाकडाचं ऑइल पेंट बहुतेक वेळा वेगळं धरतात, तेही विचारा.

डब्यांवरून हिशेब पडताळा

सगळ्यात उपयोगी पडलेली तपासणी हीच. रंगाच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकावर एक लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते दिलेलं असतं. घरातल्या चांगल्या इमल्शनचं दोन हात मिळून लिटरला 120 फूट धरलं, तर 2000 फुटांना साधारण 17 लिटर लागतात. म्हणजे 20 लिटरचा एक डबा, आणि टचिंगपुरता थोडा उरतो. कोटेशनमध्ये 32 लिटर लिहिले असतील तर का ते विचारा. 10 लिटरच लिहिले असतील तर त्याहून जास्त काळजीने विचारा, कारण मग एकतर एकच हात बसणार किंवा डब्यावर छापलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पाणी रंगात पडणार. आम्ही नेमके इथेच फसलो होतो, पाच वर्षांपूर्वीच्या त्या कामात. रंग पहिल्या दिवशी छान दिसला, आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर फडक्यावर उतरला.

पुट्टीचंही तसंच. नव्या प्लास्टरवर दोन हात मारायचे तर किलोला 15 फुटांच्या आसपास धरावं. 2000 फुटांना 130 ते 135 किलो, म्हणजे 40 किलोच्या चार गोण्या. जुनी भिंत चांगली असून फक्त खड्डे भरायचे असतील तर एक गोणी भरपूर झाली. एका गोणीच्या कामाला "फुल पुट्टी" म्हणून पैसे लावलेले दिसले, तर ते चुकीचंच. पुट्टी पांढऱ्या सिमेंटची की ऍक्रिलिक, हेही लिहून घ्या.

नुसतं "चांगल्या कंपनीचा रंग" असं लिहिलेला कागद घेऊ नका. एकाच कंपनीत डिस्टेंपर, साधं इमल्शन, प्रीमियम इमल्शन आणि धुता येणारं लक्झरी इमल्शन असतं, आणि त्यांच्या भावात कितीतरी पट फरक असतो. कंपनी, रंगाचं पूर्ण नाव, शेड नंबर, किती हात, सगळं कागदावर हवं. गडद शेडचा लिटरचा भाव फिक्या शेडपेक्षा जास्त येतो, म्हणून शेड आधी ठरवा आणि मग आकडा मागा. डबे सीलबंद आपल्यासमोर उघडायला सांगा. पुट्टीच्या गोणीत आणि डब्यात पेंटरांसाठी कंपनीने ठेवलेले बक्षिसाचे टोकन किंवा पॉइंट असतात. ते त्यांचं हक्काचं आहे, पण एखादाच ब्रँड कुणी फार आग्रहाने सुचवत असेल तर हे माहीत असावं.

मटेरियल आपण आणायचं की त्यांनी? टिळक चौकात किंवा जवळच्या दुकानात जाऊन त्याच डब्याचा भाव विचारून या, छापील किमतीवर सूट मिळते. आपण आणलं तर भाव दिसतो, पण संपलं की धावपळ आपली. त्यांनी आणलं तर दुकानाचं बिल मागा. कुणी सगळ्या रकमेवर 18 टक्के जीएसटी वेगळा लावला, तर त्याचा जीएसटी नोंदणी क्रमांक आणि पक्कं बिल मागा. नोंदणी नसलेल्या पेंटरला जीएसटी घेताच येत नाही.

दिवस आणि माणसं मोजा

मजुरी तपासायची सोपी वाट म्हणजे हजेऱ्या. तीन माणसं आठ दिवस म्हणजे 24 हजेऱ्या. मजुरीच्या आकड्याला 24 ने भागा आणि आपल्या भागात रोज, म्हणजे एका दिवसाची मजुरी, काय चाललाय ते बघा. मिस्त्रीचा रोज मदतनिसापेक्षा जास्त असतो आणि थोडा नफाही त्यांना हवाच. त्याहून फार वर किंवा फार खाली असेल तर काहीतरी राहिलं आहे. खरवडणं, पुट्टी, वाळणं, दुसरी पुट्टी, घासणं, प्रायमर, दोन हात रंग, एवढं सगळं कुणी तीन दिवसांत करून देतो म्हणत असेल, तर तो वाळण्याचे तास कापणार.

वेळही बघून घ्या. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो आणि दसरा-दिवाळीला सगळ्यांनाच घर रंगवायचं असतं. भिंती ओल्या, पेंटर गुंतलेले आणि दर चढे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात तापलेल्या भिंतीवर रंग इतका लवकर वाळतो की रोलरचे पट्टे दिसतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. आम्ही जानेवारीतल्या गड्डा यात्रेनंतर काम काढलं, तेव्हा अण्णांना सवड होती आणि दरही थोडा उतरला. रंग कालवायला मात्र बोअरचं खारट पाणी वापरू दिलं नाही. नळाच्या पाण्याची एक टाकी त्यासाठी वेगळी धरून ठेवली.

जुन्या दारांवर वर्षानुवर्षांचं ऑइल पेंट असेल, तर ते कोरडं घासू देऊ नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांसाठी फार वाईट. ओलं करून घासायला, धूळ गोळा करायला जास्त मजुरी लागली तर ती आनंदाने द्या.

पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या

अर्धे पैसे उचल म्हणून देऊन टाकले की आपलं बोलणं कुणी ऐकत नाही. आम्ही मटेरियल आल्यावर, पुट्टी-प्रायमर झाल्यावर, पहिल्या हातानंतर आणि शेवटी असे चार भाग केले. प्रायमर झाल्यावर रात्री दिवे घालवून बॅटरी भिंतीला चिकटून आडवी धरली. उंचवटे, खरचटे सगळे दिसले. तेव्हा दुरुस्ती सोपी असते, रंग झाल्यावर ती नव्या खर्चाची होते. भेगा कापून भरणं, छताची गळती अशा जास्तीच्या कामांचा दर मात्र सुरुवातीलाच कागदावर घेतला होता, त्यामुळे मधे वाद झाला नाही.

मोरीचा पाइप बदलल्यावर हॉलची ती भिंत दोन महिने तशीच उघडी ठेवली. मार्चमध्ये अण्णा परत आले, प्लास्टिकचा तुकडा लावून पाहिला आणि कोरडा निघाल्यावरच तेवढ्या भिंतीचे पैसे सांगितले. उरलेल्या रंगाचा डबा घट्ट बंद करून माळ्यावर ठेवला आहे, आणि शेड नंबर, रंगाचं नाव आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे.