रूमवर राहताय? आठवड्याचं जेवण असं बसवा
पुण्यात असाल तर रविवारी संध्याकाळी उशिरा मंडईत जा, भाजीवाले आवरायला लागले की पालेभाजीच्या जुड्या स्वस्तात देतात, फक्त त्या मंगळवारपर्यंत संपवा. पाव किलो मटकी रात्रभर भिजवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी मस्त मोड येतात, मग त्याची उसळ करा आणि उरलेल्या उसळीत पाणी न तिखट वाढवून वर फरसाण टाकलं की पावाबरोबर मिसळच! मधे एखाद दिवशी पिठलं-भात, नाहीतर मुगाची खिचडी आणि पापड. बाहेर खायचं तर शनिवारी दुपारी खाणावळीत राईसप्लेट घ्या, संध्याकाळी फार भूक लागत नाही. हॉटेलातली पनीरची भाजी मात्र टाळाच, त्या पैशात दोन दिवसांचा किराणा येतो.