जळगावात एमबीएला आलात, तर पहिल्या वर्षाच्या पेपरांबद्दल

मी मूळची चिपळूणची. २०१२ साली एमबीएला म्हणून जळगावला आले आणि इथलीच झाले. लग्न इथे झालं, नोकरीही इथेच, एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या हिशेब विभागात. दरवर्षी प्रवेशाचे कॅप राउंड संपले की ओळखीपाळखीतून कुणाचा तरी मुलगा नाहीतर मुलगी कोकणातून, मराठवाड्यातून इथे येते. आधी खोली, मेस आणि कूलर यांची चौकशी होते. मग दिवाळीच्या सुमाराला हळूच खरा प्रश्न येतो: "ताई, पहिलं वर्ष असंच असतं का हो?"

असंच असतं. तुम्ही मार्केटिंग नाहीतर फायनान्स करायला आलेले असता, पण स्पेशलायझेशन उघडतं ते दुसऱ्या वर्षी. तोवर संख्याशास्त्र, ऑपरेशन्स रिसर्च, अकाउंट्स, कॉस्टिंग, बिझनेस लॉ, इकॉनॉमिक्स, ओबी (म्हणजे ऑर्गनायझेशनल बिहेवियर, कामाच्या जागी माणसं कशी वागतात ते) आणि रिसर्च मेथडॉलॉजी सगळ्यांनाच सक्तीचे. बीकॉम करून आलेल्याने पुन्हा जमा-नावे शिकायचं, इंजिनीअरने पुन्हा मॅट्रिक्स मांडायचं. हजेरीची ७५ टक्क्यांची अट असल्यामुळे बसावं तर लागतंच. आमच्या कॉलेजात कायद्याचा तास दुपारी दोनला असायचा आणि सर पिवळ्या पडलेल्या नोट्समधून वाचून दाखवायचे. मी तो तास वहीच्या मागच्या पानावर घरी जायच्या गाडीला किती दिवस उरले ते मोजण्यात घालवत असे. पहिल्या सत्रात माझा संख्याशास्त्राचा पेपर राहिला. घरी सांगायला मला चार दिवस लागले. म्हणून हे जे लिहिते आहे ते त्या चार दिवसांतल्या मुलीला कुणी सांगायला हवं होतं, असं आहे.

माझं सांगणं एवढंच आहे की कंटाळवाण्या प्रत्येक पेपरासाठी गावात एक जागा शोधा, जिथे तो पेपर रोज कामाला लागतो, आणि परीक्षेच्या आधी तिथे एकदा जाऊन या. याला खानदेशासारखा मुलूख नाही. रावेर-यावलची केळी, कपाशीचे जिनिंग, सराफ बाजार, डाळ मिल, चटईचे आणि पीव्हीसी पाइपचे कारखाने, भुसावळचं जंक्शन, सगळं खोलीपासून तासा-दीड तासाच्या आत आहे. मोठ्या शहरातल्या मुलांना केस स्टडी छापील मिळते. तुम्हाला ती एसटीने गाठता येते.

मला हे कळलं ते ऑपरेशन्स रिसर्चमुळे. दुसऱ्या सत्रात ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम नावाचं प्रकरण येतं. तीन कारखाने, चार गोदामं, मध्ये भाड्याचा तक्ता, आणि कमीत कमी खर्चात माल कसा पोचवायचा ते काढायचं. त्याच्या पद्धती ओळीने तीन: नॉर्थ-वेस्ट कॉर्नर, मग व्होगेल, मग आलेलं उत्तर तपासून सुधारणारी मोडी. आम्ही पायऱ्या पाठ करत होतो, का करतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी खोलीवरची मैत्रीण चोपड्याकडची. तिचे काका केळी ग्रुपवर काम करायचे, म्हणजे शेतकऱ्याचा माल काढून गाड्या भरून बाहेरच्या बाजारात पाठवायचं काम. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि मी गंमत म्हणून वहीत तक्ता मांडला. रावेरला १२ गाड्या माल, सावद्याला ९, चोपड्याला ७. मागणी दिल्लीची १०, लखनौची ८, जयपूरची १०. दोन्हीकडे बेरीज २८. पुस्तकाप्रमाणे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून भरत गेलं तर रावेरहून दिल्लीला १०, लखनौला २, सावद्याहून लखनौला ६, जयपूरला ३ आणि चोपड्याच्या सातही गाड्या जयपूरला. झालं उत्तर.

काकांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, यात भाडं कुठं पाहिलं? आणि खरंच, त्या पद्धतीत भाडं पाहिलेलंच नसतं. ती फक्त सुरुवातीची मांडणी असते, हे मला त्या क्षणी कळलं. वर्गात ते वाक्य चार वेळा ऐकलेलं होतं. मग ते स्वतः काय करतात ते त्यांनी सांगितलं: "जठे दुसरी सोय महाग पडस, तठे पयले गाडी लावानी." प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात स्वस्त पर्याय आणि त्याच्या खालोखालचा, यांच्यातला फरक मनात धरायचा, आणि तो फरक जिथे सगळ्यात मोठा तिथली सोय आधी लावायची, कारण तिथे पहिली संधी हुकली तर फटका मोठा. व्होगेलची पद्धत हीच. त्या फरकाला पुस्तकात पेनल्टी म्हणतात. काका दहावीपर्यंत शिकलेले, पण मे महिन्यात झाडावर घड पिकायला लागलेला असताना रोज सकाळी हे गणित तोंडी सोडवत होते. परतताना बसमध्ये मी मोडीच्या पायऱ्या पहिल्यांदा न अडता केल्या. पाच खणांत वाटप झालं पाहिजे, तीन गावं अधिक तीन बाजार वजा एक, हे मला आजही त्या गाड्यांमुळे आठवतं.

असले कमीत कमी खर्चाचे प्रश्न सोडवायची सिम्प्लेक्सची पद्धत याच पेपरात असते. ती जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडली, ती अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनाचं काम करत असताना. म्हणजे ही पद्धत जन्मलीच मुळी माल आणि माणसं वेळेवर पोचवण्याच्या तगमगीतून. शिकवताना ती तगमगच गाळून टाकतात.

कायद्याच्या पेपराला तर मी नमस्कार करते. भारतीय करार कायदा १८७२ चा, परक्राम्य संलेख कायदा, म्हणजे चेक-हुंडीचा, १८८१ चा, मालविक्रीचा १९३०चा. ही सालं ऐकूनच झोप येते. पण केळीच्या पट्ट्यात बाहेरगावच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक न वटणं हे फार जुनं दुखणं आहे. आम्ही दुसऱ्या सत्रात असताना वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांच्या बाबतीत तेच घडलं. बाग कापून गेली, चेक परत आला, व्यापारी फोनवर "पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिला आणि वडील शब्दावर विश्वास ठेवून थांबले. त्या चेकच्या कायद्याचं कलम १३८ सांगतं की चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. आमच्याकडे हे सगळं वहीत लिहिलेलं होतं. वाचून दाखवलेलं होतं. पण तो मुलगा आम्हाला सांगेपर्यंत ३० दिवस उलटून गेलेले होते.

चेकची मुदत तीन महिन्यांची असते आणि ती अजून संपली नव्हती, एवढंच नशीब. वकिलांनी चेक पुन्हा भरायला लावला, तो पुन्हा परत आला आणि या वेळी आठवड्याच्या आत नोटीस गेली. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले. त्या दिवसापासून दुपारी दोनच्या तासाला आमचा वर्ग जागा असायचा. सर तेच होते, नोट्सही त्याच. तुमच्या वर्गातही शेतकऱ्यांची, दुकानदारांची मुलं असतील. त्यांच्या घरी कलम १३८ ठाऊक आहे का, ते विचारा. नसेल तर तुम्ही समजावून सांगा. पेपरात दहा मार्कांना येतं म्हणून नव्हे, त्या घराला लागतं म्हणून.

अकाउंट्समध्ये साठ्याचं मूल्यांकन येईल तेव्हा सराफ बाजारातून एक फेरी मारा. भाव चढत असताना आधी घेतलेलं सोनं आधी विकलं असं धरलं, म्हणजे फिफो, तर नफा फुगलेला दिसतो, कारण विक्री आजच्या भावाची आणि खरेदी जुन्या भावाची. भारित सरासरी धरली तर तोच नफा कमी दिसतो. आपल्या लेखा मानकात या दोन्ही पद्धती चालतात, लिफो चालत नाही. धडा कोरडा वाटतो, पण ज्याच्या काउंटरवर दहा ग्रॅमचा भाव रोज बदलतो त्याला विचारा, रात्री वही मिटताना त्याच्या मनात नेमकं हेच असतं.

कॉस्टिंगमधला जॉइंट कॉस्टचा भाग मी स्वतः जगते. तूर मिलमध्ये गेली की डाळ निघते, तुकडा निघतो, चुणी निघते, टरफल निघतं. तूर एकाच भावाने घेतली, वीज एकच जळली, मग चुणीच्या पोत्यावर त्यातला किती खर्च टाकायचा? चुणी पशुखाद्याला जाते, तिलाही भाव आहे. तो खर्च कसा वाटला यावर डाळीचा भाव ठरतो, आणि किलोमागे थोडं चुकलं तरी गाडीभर मालात ती चूक मोठी होते. परीक्षेत मी हे प्रकरण ऑप्शनला टाकलं होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात रात्री जागून ते शिकावं लागलं.

संख्याशास्त्रासाठी एकच सांगते. टी-टेस्ट ज्यांनी काढली ते विल्यम गॉसेट डब्लिनच्या एका बिअर कारखान्यात कामाला होते. १९०८ मध्ये त्यांनी ती 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली. थोड्याशा नमुन्यावरून सगळ्या मालाबद्दल काय म्हणता येईल, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. डाळ मिलच्या दारात हमाल पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर तूर काढतो आणि तिच्यावर अख्ख्या गाडीचा भाव ठरतो. प्रश्न तोच आहे. माझा राहिलेला पेपर मी पुढच्या खेपेला याच विचाराने सोडवला.

ओबीबद्दल मात्र खोटा उत्साह दाखवत नाही. मॅस्लोचा पिरॅमिड, हर्झबर्गचे दोन घटक, फेयॉलची चौदा तत्त्वं, हे पाठ करा, लिहा, पुढे चला. जमलं तर सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने अमळनेरला जाऊन या. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली, आणि जुने शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली घरं त्या गावात आहेत. माणसं एखाद्या कंपनीशी का बांधली जातात, हे तिथल्या ओट्यावर बसून जास्त कळतं.

रिसर्च मेथडॉलॉजीत मुलं एक वाईट गोष्ट करतात. शंभर प्रश्नावल्या रात्री खोलीवर बसून स्वतःच भरतात, पेनं बदलून. कृपा करून हे करू नका. मी चटईच्या कारखान्यांतल्या कामगारांकडून साठच भरून घेतल्या, त्याही तीन आठवडे फिरून. व्हायवाला परीक्षकांनी विचारलं, या प्रश्नाला इतकी उत्तरं कोरी का? रात्रपाळीच्या बायका त्या प्रश्नाला गप्प व्हायच्या, मी म्हटलं. त्यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं. एमबीएत मला सगळ्यात अभिमान वाटला तो त्या कोऱ्या चौकटींचा.

आता राहण्याबद्दल, कारण अंगात त्राण असेल तरच रटाळ विषय झेपतात. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे जेमतेम सातशे. हवा कोरडी, पाणी जपून वापरायची सवय लावून घ्या. दुसऱ्या सत्राची परीक्षा ऐन उन्हाळ्यात येते आणि पारा ४५च्या घरात असतो, तेव्हा दुपारी डोकं चालत नाही. पहाटे चारला उठून आठपर्यंत वाचा, दुपारी कूलरपुढे झोपा, रात्री गच्चीवर एकमेकांना तोंडी विचारा. एकट्याने वाचू नका. चौघांचा गट करा आणि त्यात एक बीकॉमवाला, एक इंजिनीअर असू द्या. मला ताळेबंद जुळवायला धुळ्याच्या मुलीने शिकवलं, मी तिला इंग्रजी प्रेझेंटेशन लिहून द्यायचे.

भाषेला बिचकू नका. धुळे-अमळनेरकडची मुलं अहिराणी बोलतात, रावेर-यावलकडची लेवा गणबोली. दोन्हींत 'ला'च्या जागी 'ले' येतो आणि महिनाभरात कान सरावतो. 'भो' म्हणून हाक आली तर तुम्हाला आपलं मानलं असं समजा. मेसच्या शेवभाजीचा तिखटपणा सुरुवातीला सोसत नाही, तेव्हा रस्सा कमी घ्या आणि कळण्याची भाकरी मागा. ज्वारी-उडदाची असते, पोटाला धरते. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टीचं बोलावणं आलं की उद्या सबमिशन असलं तरी जा. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजत असतात, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचत असतात, आणि भोवती बसलेल्यांत एखादा जिनिंगवाला, एखादा सराफ, एखादा केळी बागायतदार असतोच. केळीची मृगबाग लावावी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, की कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरल्यावरची, यंदा सगळ्यांनी केळी लावली तर पुढच्या वर्षी भाव काय राहील, यावर रात्री अकरापर्यंत वाद चालतो. इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात त्याला कॉबवेब म्हटलंय. वही नेली तरी कुणी हसत नाही.

आणि तो २८ गाड्यांचा तक्ता वर दिला आहे, त्यात भाडी मी मुद्दाम घातलेली नाहीत. सावद्याला किंवा रावेरला जाऊन त्या दिवशीची खरी भाडी विचारा, घाला आणि व्होगेलने सोडवा. सकाळी लवकर गेलात तर गाड्या भरताना दिसतील. जाताना पाण्याची बाटली ठेवा, आणि ग्रुपवरच्या माणसांना आधी 'रामराम' घाला, मग वही उघडा.