गावात बसून फोरेचं ‘आप्रेझं रेव्ह’ कसं शिकायचं

भजनी मंडळात ज्याचा गळा तयार झाला त्याले फ्रेंच गाणं नक्की जमते. सुरुवात गाब्रिएल फोरे या फ्रेंच संगीतकाराच्या ‘आप्रेझं रेव्ह’ पासून करा, म्हणजे ‘स्वप्नानंतर’. 1878 मध्ये छापलेलं, एक गळा आणि एक पियानो, सारं मिळून तीनेक मिनिटं. शब्द रोमँ ब्युसीनचे, एका जुन्या इटालियन कवितेवरून घेतलेले. नोटेशन आयएमएसएलपी साइटवर फुकट भेटते, रेंज आली की डाउनलोड करा अन तालुक्याले गेले की प्रिंट काढून आणा, मोबाईलवर लई बारीक दिसते.

पहिले गाऊ नका, नुसतं वाचा. नाकातले स्वर आपल्याले सोपे जातात, हिंदीत ‘हाँ’ म्हणतो तसेच, फक्त शेवटी जीभ टाळूले लावून ‘न’ करायचा नाही. ‘तू’ सारख्या शब्दातला स्वर वेगळा आहे, ओठ ‘ऊ’ चे ठेवा अन आतून ‘ई’ म्हणा. ‘र’ आपलाच चालते, बोलतानी ते लोक घशातून काढतात पण या गाण्यांत जिभेच्या टोकाचा ‘र’ घ्यायची जुनी रीत आहे. गाण्यातला ‘इमाझ’ (प्रतिमा) हा शब्द बोलतानी तसाच असते, गातानी मात्र ‘झ’ नंतर एक हलका ‘अ’ येते अन त्याले स्वतःचा सूर असते, तो गिळू नका.

मंग सूर. मूळ पट्टी सी मायनर, म्हणजे पांढरी एकचा सा, ग ध नी कोमल, मधी मधी शुद्ध नी. आसावरी थाट ओळखीचा वाटन, पण तानपुऱ्याचं ॲप बंद ठेवा, काहून की खाली पियानोचे कॉर्ड (एकदम वाजणारे दोन-तीन सूर) बदलत राह्यतात अन एकच सा धरून बसलं की सारं बेसूर लागते. पट्टी उंच जात असन तर खाली उतरवलेली प्रत घ्या. पेटीवर एक हात भात्यात अडकते, म्हणून सेलवर चालणारा कीबोर्ड बरा, लाइन गेली तरी रियाज थांबत नाही. वाजवणारा नसन तर कॉर्ड आधी मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या.

खरी मेहनत लयीत आहे. तीन मात्रांचं आवर्तन, पियानो एका मात्रेत दोन कॉर्ड सारखे ठोकत जाते, अन गळ्यात त्याच मात्रेत कुठं कुठं तीन सूर येतात. आपल्या तबलेवाल्याले सांगा, आड लय आहे, तो लगेच समजन. हातानं दोन, तोंडानं तीन, हे बसेपर्यंत शब्द लावूच नका. अन लय सैल सोडायची नाही, फोरे स्वतः एकसारख्या लयीचा लई आग्रही होता. दुःखाचं गाणं म्हणून लोक त्याले ओढत बसतात, ते मले बिलकुल पटत नाही.

मींड, मुरकी घेऊ नका, सुरावरून सुरावर सरळ जा. गाण्याची गोष्ट अशी, स्वप्नात प्रेयसी भेटली, दोघं जमीन सोडून उजेडाकडे गेले, अन ‘एलास’, म्हणजे ‘हाय रे’, पाशी जाग येते (‘एच’ मुका, ‘स’ पूर्ण). तिथं जोर येतेच, पण ओरडू नका, काहून की पुढं ‘रव्यॅं’, म्हणजे ‘परत ये’, वारंवार म्हणायचं आहे अन त्याच्यासाठी दम उरला पाह्यजे. कॉपीवर पेन्सिलीनं श्वासाच्या जागा आत्ताच मांडून ठेवा.