राष्ट्राध्यक्ष खुर्चीत असतानाच त्याचा निकाल लिहिताय? या चुका टाळा

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष रोज बातम्यांत असला की सातारा-सांगलीकडच्या वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांत एक विषय ठरलेला: 'विद्यमान राष्ट्राध्यक्षांची इतिहासात नोंद कशी होईल?' विषयाला हरकत नाही. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसलं की त्याच त्या चुका ऐकून कान किटतात.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे ट्रूमनची ढाल. हॅरी ट्रूमन जानेवारी १९५३मध्ये पायउतार झाले तेव्हा त्यांच्या कामावर समाधानी असलेले अमेरिकन जेमतेम ३२ टक्के होते. त्याआधी फेब्रुवारी १९५२मध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत तो आकडा २२ टक्क्यांवर घसरला होता. आज इतिहासकार त्यांना पहिल्या दहांत धरतात. इथपर्यंत बिनचूक. पुढची उडी मात्र पोरं हमखास मारतात: ट्रूमनही नावडते होते, म्हणजे आजचे नावडते उद्याचे थोर.

साताऱ्यात एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत एका पोरानं हाच मुद्दा असा काही रंगवला की मागच्या रांगा उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत, विराम मोजून घेतलेले, शेवटी हात वर करून 'इतिहास न्याय देईल!' टाळ्या थांबल्यावर मी एवढंच विचारलं, की ट्रूमनना न्याय मिळाला तो त्यांच्या कोणत्या निर्णयामुळे? बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, "अणुबॉम्ब, सर." म्हणजे ज्या निर्णयावर आजही वाद मिटलेला नाही, तोच! युद्धानं मोडलेल्या युरोपला सावरणारी मार्शल योजना नाही, पाश्चात्त्य देशांची लष्करी युती नाटो नाही, सैन्यातला वर्णभेद संपवणारा १९४८चा आदेश नाही. करंडक त्यालाच मिळाला, कारण बाकीच्या दोन परीक्षकांना आवाज आवडला होता. असो.

ट्रूमन वर चढले ते नावडते होते म्हणून नव्हे. त्यांच्यानंतर आलेले आयझेनहॉवर विरोधी पक्षाचे, तरी त्यांनी नाटो मोडली नाही, रशियाला रोखण्याचं धोरणही गुंडाळलं नाही. पुढच्याही राष्ट्राध्यक्षांनी तीच चौकट ठेवली आणि शीतयुद्ध संपल्यावर मागे वळून पाहणाऱ्यांना तिचा पाया १९४७ ते १९४९मध्ये सापडला. याउलट जेम्स ब्युकॅनन घ्या. यादवी युद्धाच्या तोंडावर देश सोपवून १८६१मध्ये गेले, १८६६मध्ये स्वतःच्या बचावाचं पुस्तकही लिहिलं. सी-स्पॅन या अमेरिकन वाहिनीच्या २०००, २००९, २०१७ आणि २०२१ या चारही पाहण्यांत इतिहासकारांनी त्यांना तळालाच ठेवलं. नावडत्यांच्या रांगेत ब्युकॅननही उभे असतात, पण भाषणात त्यांचं नाव कोणी घेत नाही.

यावर माझी सवय सांगतो. पद्धत वगैरे म्हणू नका. कागदाला दोन घड्या घालून तीन रकाने पाडायचे. पहिल्यात निर्णय आणि तारीख. दुसऱ्यात तो कोण उलटवू शकतं. तिसरा कोरा, तो पुढचा काळ भरेल. विशेषणांना कुठेच जागा नाही. दुसरा रकाना भरताना भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि खरं लिखाण तिथूनच सुरू होतं. नुसता आदेश असेल तर पुढचा माणूस सहीनिशी तो पुसतो: पॅरिस हवामान करारात ओबामा गेले, ट्रम्प बाहेर पडले, २०२१मध्ये बायडन परत गेले, २० जानेवारी २०२५ला ट्रम्पनी पुन्हा बाहेर पडण्यावर सही केली. कायदा असेल तर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, लागते. न्यायाधीश नेमला असेल तर तो तहहयात. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स १८००ची निवडणूक हरले होते, तरी जाता जाता जानेवारी १८०१मध्ये त्यांनी जॉन मार्शलना सरन्यायाधीश नेमलं. मार्शल १८३५पर्यंत त्या पदावर होते. त्या दिवसांत कोणाला यात मोठी बातमी दिसली असेल?

दुसरी चूक कागदांची, आणि ती आपल्या भागातल्या पोरांनी करावी याचा मला जास्त राग येतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो वाईला मिळालेल्या पत्रांच्या जोरावर, पानिपतानंतर १३७ वर्षांनी. साताऱ्यात कंपनीचा अधिकारी म्हणून राहून गेलेल्या ग्रँट डफनं १८२६मध्ये लिहिलेला इतिहास तोवर प्रमाण मानला जाई. त्यातल्या किती गोष्टी नुसत्या पत्रांनी दुरुस्त केल्या! मिरजेत इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांच्या दप्तराला असेच चिकटून बसले होते. हा वारसा उशाशी असताना कालच्या पत्रकार परिषदेवरून निकाल लावायचा? अमेरिकेत १९७८च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षाची कागदपत्रं पद सोडल्यावर ५ वर्षांनी मागता येतात, काही तर १२ वर्षं बंद राहू शकतात. आयझेनहॉवरना १९६२च्या पाहणीत इतिहासकारांनी खालच्या निम्म्यात टाकलं होतं. गोल्फ खेळणारा, कारभार दुसऱ्यांवर सोडणारा म्हातारा, ही त्यांची प्रतिमा. पुढे ॲबिलीनमधल्या त्यांच्या ग्रंथालयातली कागदपत्रं खुली झाली तेव्हा बैठकीत सूत्रं हलवणारा माणूस तोच होता हे दिसलं. सी-स्पॅनच्या २०१७च्या पाहणीत ते पाचवे.

सध्याची साथ वेगळीच आहे. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि तेव्हापासून सांगलीतला प्रत्येक निबंध हळद-बेदाण्याच्या भावात बुडाला. शुल्काबद्दल जरूर लिहा, पण ते आपलं गाऱ्हाणं आहे हे सांगून लिहा. निक्सन आपल्याकडे १९७१मध्ये बंगालच्या उपसागरात आरमार धाडणारे, अमेरिकेत वॉटरगेटमुळे ऑगस्ट १९७४मध्ये राजीनामा देणारे आणि बीजिंगमध्ये १९७२ला हात पुढे करणारे. कोणाचा इतिहास, हे पहिल्याच परिच्छेदात ठरवा.

क्रमवारीला गुणपत्रिका समजू नका. सी-स्पॅनच्याच यादीत वुड्रो विल्सन २०००मध्ये सहावे होते, २०२१मध्ये तेरावे. विल्सन तेच, वाचणाऱ्यांचे प्रश्न बदलले.

लोकप्रियतेच्या शिखरावरचा आकडा उचलू नका. थोरल्या बुशना आखाती युद्धानंतर १९९१मध्ये ८९ टक्के पसंती होती. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले.

आपल्या राष्ट्रपतींना याच मापानं मोजू नका, ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात.

आणि मोबाइलवर आलेली वाक्यं लिंकनच्या तोंडी घालू नका. कुठे आणि केव्हा म्हटलं हे सांगता आलं नाही तर मी ते वाक्य खोडतो आणि त्याचे गुणही कापतो. पोरं कुरकुरतात, पालक फोन करतात.