खात्यातून पैसे गेल्यावर पहिल्या तासात होणाऱ्या चुका

ऑनलाइन फसवणूक कशी ओळखावी याविषयी बरेच लिहिले जाते, परंतु पैसे गेल्याचा संदेश मोबाइलवर येऊन थडकल्यानंतर काय करावे आणि काय करू नये, हे ज्याच्यावर प्रसंग ओढवतो त्याला सहसा ठाऊक नसते. घाबरलेला माणूस त्या तासाभरात जे करतो, त्यावर रक्कम परत मिळण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. म्हणून येथे मुख्यतः त्या तासाचाच विचार केला आहे.

शाखा उघडण्याची वाट पाहणे

शनिवारी रात्री पैसे गेले आणि सोमवारी बँकेत जाऊन विचारू असे ठरवले, तर पैसे परत मिळण्याची आशा जवळपास संपते. फसवणूक करणारे लोक रक्कम स्वतःच्या खात्यात ठेवत नाहीत. कमिशनचे आमिष दाखवून भाड्याने घेतलेल्या खात्यांत, ज्यांना पोलीस आणि बँका म्यूल खाती म्हणतात, ती आधी टाकली जाते, तेथून तुकडे पाडून आणखी खात्यांत फिरवली जाते आणि शेवटी बऱ्याचदा एटीएममधून रोख काढली जाते. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की ती संबंधित बँकांपर्यंत पोहोचते, आणि पुढच्या खात्यांत जेवढी रक्कम शिल्लक सापडेल तेवढी गोठवता येते. एकदा रोख निघाली की गोठवायला काही उरत नाही.

म्हणून पहिला फोन १९३० ला, दुसरा बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनला, आणि शाखेची फेरी त्यानंतर. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक आणि यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक हाताशी असावा. हा संदर्भ क्रमांक ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. १९३० लागत नसेल, तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरता येते. घरात दोघे असतील तर एकाने १९३० आणि दुसऱ्याने बँक अशी वाटणी करावी.

बँकेचा नंबर गूगलवर शोधणे

ही चूक माणसाला दुसऱ्यांदा लुटते. शोधात वर येणारे कित्येक कस्टमर केअर क्रमांक भामट्यांनीच पेरलेले असतात, आणि आधीच घाबरलेला ग्राहक स्वतःहून फोन करतो आहे म्हटल्यावर त्यांना विश्वास कमवण्याचेही कष्ट पडत नाहीत. पलीकडचा माणूस परतावा देण्यासाठी म्हणून त्याला तुमच्या मोबाइलचा पडदा दिसेल असे ॲप घ्यायला सांगतो; अशा ॲपपैकी एनीडेस्कविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. बँकेचा खरा क्रमांक डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो. तो आजच संपर्क यादीत जपून ठेवावा आणि घरातील ज्येष्ठांच्या मोबाइलमध्येही भरून द्यावा. संकेतस्थळ पाहायचेच असेल, तर पत्त्याच्या शेवटी डॉट बँक डॉट इन आहे का ते तपासावे, कारण रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर येण्यास सांगितले होते.

घाईघाईने सगळे पुसून टाकणे

वाहतूक चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असे होते, तर ते चलान नसून ॲप असते. ते संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पाठवते. हे लक्षात येताच लोक लाजेपोटी फाइल, चॅट, कॉलची नोंद सगळे पुसतात आणि पुरावाही त्यासोबत जातो. त्याऐवजी प्रथम मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करावे, मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवावा, तक्रारीचे फोन घरातील दुसऱ्या मोबाइलवरून करावेत आणि पासवर्ड व पिनही तेथूनच बदलावेत. त्या संदेशाचे आणि पाठवणाऱ्याच्या क्रमांकाचे फोटो दुसऱ्या मोबाइलने काढून ठेवावेत. फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळे पुसून मोबाइल मूळ स्थितीत आणणे, करायलाच हवे, पण ते तक्रार नोंदवून झाल्यावर.

ओटीपी दिल्याचे लपवणे

बँक हात झटकेल या भीतीने काही जण तक्रार करतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा दोष नसलेला अनधिकृत व्यवहार कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला तर ग्राहकावर काहीही बोजा पडत नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते, पण कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेवर येते. म्हणजे ज्याने ओटीपी दिला, त्याला तर एक मिनिटही दवडणे परवडणारे नाही. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी, कारण कधी कळवले हे नंतर तेवढ्यावरच ठरते. घडले ते जसेच्या तसे सांगावे. व्यवहाराच्या नोंदी बँकेकडे असतातच.

शाखेतील अधिकाऱ्याशी खोटे बोलणे

डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरूनच अटक केल्याची बतावणी करण्याच्या, नावाखाली होणाऱ्या फसवणुकीत पैसे जाण्याआधी एक संधी मिळते, आणि तीच वाया जाते. व्हिडिओ कॉलवरचा तोतया पोलीस वृद्ध माणसाला मुदत ठेव मोडून आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात तत्काळ वळती, करायला शाखेत पाठवतो आणि कोणी विचारले तर फ्लॅट घेतो आहे असे सांगा, म्हणून पढवतो. एवढी मोठी ठेव अचानक का मोडता, असे काउंटरवरच्या बाईंनी विचारले तर त्या नसती चौकशी करत नसतात. त्यांना खरे सांगावे, म्हणजे व्यवहार तेथेच थांबू शकतो. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही, आणि कोणताही तपास अधिकारी चौकशीसाठी बचत दुसऱ्या खात्यात वळती करायला सांगत नाही. कर्मचाऱ्यांनीही ग्राहक चिडेल याची भीड न बाळगता दुसऱ्यांदा विचारावे आणि घरच्यांना फोन लावून द्यावा, असे मला मनापासून वाटते.

तक्रार करून स्वस्थ बसणे

काही दिवसांनी तुमचे पैसे सुटले, फक्त शुल्क भरा, असा फोन येतो. तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून नावांची यादी घेतलेल्या दुसऱ्या टोळीचा असू शकतो. रक्कम सोडवून देण्यासाठी कोणालाही काही भरू नये. गोठवलेली रक्कम परत मिळण्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, त्यामुळे पोलीस ठाण्यात पाठपुरावा करावा. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, आणि त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.